सर्कशीच्या तळावरील गुरुबंधू



सर्कशीचा तंबू उभा राहताना पाहिला नाही असा मनुष्य या परिसरात विरळाच आढळेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाण्याच्या खाडीपासून पारसिकच्या डोंगरापर्यंतच्या भातखाचरांचे व मिठागरांचे रूप पालटू लागले. जमिनी संपादित झाल्या, रस्ते आखले गेले, आणि इमारती उभ्या राहीपर्यंत मोठमोठी मैदाने मोकळी पडून राहिली. नव्या मुंबईच्या अशा मैदानांवर सर्कशीचे तंबू लागत. त्याही पूर्वी आगरी-कोळी गावांच्या जत्रांतून फिरते पाळणे, मौत का कुवा, जादूचे खेळ, आरशांचे तंबू येतच असत. प्रेक्षक खेळ पाहतो आणि घरी जातो. तंबूच्या मागल्या अंगाला चूल पेटलेली असते, झुल्यावरून उतरलेली स्त्री मुलाला निजवीत असते आणि रंग पुसलेला विदूषक एका कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या फिरत्या जीवनाला घर नसते, शेजार नसतो. आज मिरज, उद्या मद्रास, परवा रंगून. रात्री खेळ संपायचा, पहाटेपर्यंत खांब उतरवायचे आणि आगगाडीत जागा मिळेल तिथे अंग टाकायचे. हात मोडला तर काम गेले, आणि काम गेले की अन्न गेले. अशा आयुष्यात थकवा घालविण्यासाठी, दुखणे विसरण्यासाठी किंवा केवळ रिकामी संध्याकाळ ढकलण्यासाठी दारूचा नाही तर अफू-गांजाचा आश्रय घेणारे लोक सर्वच देशांच्या सर्कशींत आढळले आहेत. व्यसनी माणसाला सर्कशीत फार काळ थारा मिळत नाही. झुल्यावरच्या जोडीदाराचा प्राण ज्याच्या मनगटावर अवलंबून आहे, त्याचे मनगट कापू लागले की मालक त्याला दूर करतो, आणि ते योग्यही असते.

मात्र महाराष्ट्राच्या सर्कशीच्या अगदी आरंभकाळात याच्या नेमकी उलट गोष्ट घडली. अफूच्या पूर्ण आहारी गेलेल्या, रस्त्यावर आलेल्या एका माणसाला एका सर्कसमालकाने आपण होऊन शोधून काढले, तळावर आणले आणि पुन्हा कधीही सोडले नाही. तो मालक म्हणजे विष्णुपंत छत्रे आणि तो माणूस म्हणजे ग्वाल्हेरचे गवई रहिमतखां. ही हकिकत घणसोलीसारख्या गावात सांगण्याचे प्रयोजन काय, ते पुढे येईलच.

ग्वाल्हेरची दुहेरी विद्या

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांचा जन्म १८४० च्या सुमाराचा. घोड्यांचा त्यांना विलक्षण नाद होता आणि गाण्याचेही वेड तितकेच होते. हे दोन्ही नाद एकाच ठिकाणी पुरे होण्यासारखे शहर त्या काळी ग्वाल्हेर होते. शिंद्यांच्या आश्रयाने तेथे अश्वविद्या आणि खयालगायकी या दोहोंचीही भरभराट झालेली होती. ग्वाल्हेरीस विष्णुपंतांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडून घोडे शिकविण्याची विद्या घेतली आणि हद्दूखां यांच्याकडे गाण्याची तालीम घेतली. हद्दूखां हे त्या घराण्याचे अध्वर्यू. ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणण्याचे मुख्य श्रेय बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना दिले जाते व ते यथार्थच आहे. परंतु तीच गंगा आणखी एका, अगदीच अनपेक्षित वाटेने महाराष्ट्रात उतरली. ती वाट घोड्यांच्या तबेल्यातून गेली होती.

पुढे विष्णुपंत कुरुंदवाड संस्थानात अश्वशिक्षक म्हणून राहिले. १८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईत आली होती. हिंदुस्थानी माणसाला असा खेळ उभारता येणार नाही, अशा अर्थाचे काही तो बोलला आणि विष्णुपंतांनी ते आव्हान तेथल्या तेथे स्वीकारले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा किती भाग खरा मानावा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी १८८० पासून ‘ग्रेट इंडियन सर्कस’ या नावाने हिंदी माणसांची स्वतःची सर्कस सुरू झाली, हे निर्विवाद आहे. विष्णुपंत स्वतः घोड्यांची कामे करीत. त्यांच्या पत्नीही खेळात भाग घेत असत. ज्या काळी घरंदाज स्त्रीने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकणे कठीण होते, त्या काळातील ही घटना आहे. हिंदुस्थानभर आणि देशाबाहेरही ही सर्कस हिंडली. मलबारातील तेल्लिचेरी येथे कीलेरी कुन्हीकण्णन या व्यायामशिक्षकांशी विष्णुपंतांची गाठ पडली आणि त्यातून पुढे केरळातील सर्कशीची मोठी परंपरा उभी राहिली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरी गाठ बनारसमध्ये पडली. ती तितकीशी ठाऊक नाही.

बनारसच्या रस्त्यावर

रहिमतखां हे हद्दूखांचे चिरंजीव. जन्म १८५२ चा, ग्वाल्हेरचा. गळा असा की तिन्ही सप्तकांत तो कोठेही अडत नसे आणि स्वर अत्यंत गोड. ग्वाल्हेरची गायकी ही भारदस्त, आडदांड म्हणून प्रसिद्ध. या मुलाच्या कंठात तिला वेगळेच मार्दव आले. परंतु थोरला भाऊ मोहंमदखां गेला, वडील गेले आणि या हळव्या मनाच्या माणसाला आधार असा उरला नाही. अफूची सवय लागली होती, ती वाढतच गेली.

त्या काळची अफू म्हणजे चोरून मिळणारी वस्तू नव्हती, हे विसरता कामा नये. १८७८ च्या कायद्यानुसार सरकारी परवान्याच्या दुकानांतून ती राजरोस विकली जाई आणि त्यातून सरकारच्या तिजोरीत भर पडत असे. खोकला, जुलाब, सांधेदुखी अशा दुखण्यांवर ती घरगुती औषध म्हणून चालत असे. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला झोप लागावी म्हणून अफूची बाळगोळी चाटवीत. रात्र-रात्र गाणाऱ्या गवयाला ती कोणीतरी श्रमपरिहारार्थ म्हणून प्रथम दिली असेल, तर त्यात नवल नाही. एकदा शरीराला तिची सवय झाली की मग मात्र सुखासाठी घेणे संपते. वेळेवर मिळाली नाही तर जांभयांवर जांभया येतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, हाडे मोडल्यासारखी दुखतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. हा त्रास चुकावा एवढ्यासाठीच माणूस पुढची मात्रा घेतो. बघणाऱ्यास वाटते, हा चैन करतो आहे.

रहिमतखां बनारसमध्ये निष्कांचन अवस्थेत, अंगावर चिंध्या, भीक मागत हिंडत होते, असे त्यांच्याविषयीच्या आठवणींतून सांगितले जाते. सर्कशीच्या दौऱ्यात विष्णुपंत तेथे गेले असता त्यांची दृष्टी या माणसावर पडली. ज्यांच्या पायाशी बसून विद्या घेतली त्या गुरूचा हा मुलगा आहे, हे त्यांनी ओळखले. ते त्यांना आपल्या तळावर घेऊन आले.

या प्रसंगी विष्णुपंतांनी काय केले नाही, तेही बघण्यासारखे आहे. ‘आधी अफू सोड, मग ये’ अशी अट त्यांनी घातल्याचे कोणीही सांगत नाही. चार पैसे हातावर ठेवून ते वाटेला लागले नाहीत. गुरुपुत्राच्या वाटेला असे दिवस कसे आले, याची चौकशी करीत समाजात त्याची चर्चाही केली नाही. अन्न, वस्त्र, निवारा आणि जवळचे माणूस, या गोष्टी आधी दिल्या. मग गाणे आपोआप परत आले.

सर्कशीचा तळ हे एखाद्या खयालगायकासाठी विचित्रच ठिकाण म्हणावे लागेल. शेजारी वाघांची डरकाळी, पलीकडे हत्तींना चारा, बँडचा गजर, आणि त्या कोलाहलात ग्वाल्हेरच्या सर्वांत शुद्ध परंपरेचा वारस एका राहुटीत बसलेला. परंतु सर्कशीचा एक गुण असा की तेथे प्रत्येकजणच काही ना काही कारणाने जगावेगळा असतो. ठेंगणा मनुष्य, अवाढव्य मनुष्य, घर सोडून आलेली मुलगी, नाव बदललेला तरुण अशा मंडळींत एका तंद्रीत राहणाऱ्या लहरी गवयाकडे कोणी बोट दाखविण्याचे कारण नव्हते. गावात जे वैगुण्य ठरते, ते तळावर खपून जाते. रहिमतखांना तेथे लाज वाटली नाही, हा त्या ठिकाणाचा मोठाच उपयोग झाला असला पाहिजे.

सर्कस ज्या शहरी मुक्कामाला जाई, तेथे खांसाहेबांच्या मैफली होऊ लागल्या. जो माणूस कालपर्यंत वाऱ्यावर होता त्याला ऐकण्यासाठी जाणकार लोक येऊ लागले. ‘भूगंधर्व’ ही पदवी त्यांच्या नावामागे कायमची जडली. खांसाहेबांची लहर सांभाळणे सोपे काम नव्हते. केव्हा गातील, केव्हा उठून जातील, याचा नेम नसे. विष्णुपंत स्वतः गाणे शिकलेले असल्यामुळे त्यांना हे साधले. घोडा शिकविणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की चाबकाचा आवाज उपयोगी पडतो, मार पडत नाही.

जे सुटले नाही

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, अन्यथा ही हकिकत बाळबोध बोधकथा होऊन बसेल. रहिमतखांची अफू सुटली नाही. अखेरपर्यंत ती त्यांच्या सोबत राहिली, असेच जाणकार सांगतात. विष्णुपंतांनी त्यांना व्यसनमुक्त केले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यांनी त्यांना जिवंत ठेवले आणि त्यांच्या गाण्याला वाट दिली. त्या काळी वैद्यकाच्या हाती याहून अधिक काही फारसे नव्हतेच.

आज ते आहे. अफू, ब्राउन शुगर यांसारख्या पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधे ठरावीक मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रुग्णाने कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवून विरघळवायची असते. रोज येणे, रोज भेटणे हाही त्या उपचाराचा भाग होय. शरीराची तडफड थांबली की मनुष्य कामधंद्याचा, घराचा विचार करू शकतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ अशी टीका यावर केली जाते. ती करणाऱ्यांनी मधुमेहाच्या रुग्णाला रोज टोचावे लागणारे इन्शुलिन आठवावे.

दारूच्या बाबतीत तर एक धोका घरोघर समजावून सांगण्याची गरज आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने देवापुढे शपथ घेऊन एका रात्रीत दारू बंद केली तर हात थरथरतात, घाम फुटतो, कित्येकांना फिट येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसती दृश्ये दिसू लागतात आणि प्रसंगी जीवही जातो. माळ घालणे, शपथ घेणे ही निश्चयाची साधने आहेत आणि त्यांनी अनेकांना तारलेही आहे. परंतु ती घेण्यापूर्वी डॉक्टरांची गाठ घेतली पाहिजे. कोंडून ठेवणे, मारणे, नकळत जेवणातून औषध घालणे हे प्रकार तर सर्वथा वर्ज्य होत.

विष्णुपंतांनी अंतःप्रेरणेने जे केले, त्याचे शास्त्र पुढे दूर अमेरिकेत एका मैत्रीतूनच निर्माण झाले. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरदलाल ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी कामासाठी आला होता. काम फसले. हॉटेलात एका बाजूला मद्यगृह आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. महिनोन्‌महिने न पिता राहिलेला हा माणूस त्या दोहोंच्या मध्ये उभा राहिला आणि त्याने टेलिफोन उचलला. आपल्यासारखाच दुसरा एखादा मद्यपी भेटला तरच आपण आज वाचू, असे त्याला वाटले. त्यातून रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्याची भेट झाली. डॉक्टर केवळ पंधरा मिनिटांसाठी म्हणून आले होते. ते काही तास बोलत बसले. १० जून १९३५ हा दिवस, डॉक्टरांनी अखेरचे मद्य घेतले तो, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. या मंडळींच्या बैठका आज मुंबईत, ठाण्यात आणि नव्या मुंबईत भरतात. तेथे फी नाही, नाव विचारले जात नाही, उपदेशही होत नाही. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याला आपली हकिकत सांगतो, एवढेच.

महाराष्ट्रात या दिशेने पडलेल्या पावलांत पुण्याच्या मुक्तांगणचे नाव प्रथम घ्यावे लागेल. डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. अनिल अवचट यांचे गर्दच्या व्यसनावरील लेखन आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी यांतून ते साकारले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे तेथे नव्या रुग्णांना हात देऊ लागली. त्याआधी १९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशनची सुरुवात केली होती.

घणसोलीची गोष्ट

स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले गाव अशी घणसोलीची ओळख आहे. १९३० च्या त्या लढ्यात मिठाच्या कायदेभंगाबरोबरच दारूच्या दुकानांवरील निरोधने हाही कार्यक्रम देशभर होता. मिठागरात राबणाऱ्या लोकांना या दोहोंचा अर्थ वेगळा सांगावा लागला नसेल. त्यानंतर आले ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, भूसंपादन, सिडको, महानगरपालिका आणि २००४ साली सुरू झालेली ठाणे-वाशी रेल्वे. एका पिढीच्या आत शेतावर जाणारा माणूस शहराच्या मध्यभागी येऊन बसला. शेत गेले तशी पहाटे उठण्याची निकड गेली. प्रकल्पग्रस्त गावांतून पैसा आला तेथे दारूही आली, ही गोष्ट त्या गावांतील स्त्रियांनी अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. पैसा आला नाही तेथे ती दुःखाने आली. कारण कोणतेही असो, बाटलीतील द्रव्य तेच असते.

दुकान बंद करण्यासाठी कायद्याने मतदानाची तरतूद केली आहे आणि स्त्रियांनी तिचा उपयोग राज्यात ठिकठिकाणी करून दाखविला आहे. दुकान बंद झाल्याने नवा पिणारा कदाचित थांबेल. जुना पिणारा पुढच्या नाक्यावर जातो. त्याच्यासाठी विष्णुपंतच लागतो.

आणि तो गावात असतो. भजनी मंडळात पखवाज उत्तम वाजविणारा एखादा गडी गेले वर्षभर येईनासा झालेला असतो. आला तर पिऊन येतो म्हणून त्याला ‘येऊ नको’ असे सांगितलेले असते. सांगणाऱ्याचेही चुकत नाही. देवळाची शिस्त सांभाळावीच लागते. परंतु त्याला सकाळी, शुद्धीत असताना, घरी जाऊन भेटणारे कोणी असते काय? दवाखान्यात त्याच्याबरोबर जाऊन रांगेत बसणारे? पुन्हा घसरला तरी ‘हे आजाराचेच लक्षण आहे’ असे समजून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जाणारे? व्यसन ही अधूनमधून उलटणारी व्याधी आहे, हे वैद्यक सांगते. पहिल्याच प्रयत्नात सुटणारे थोडे. घरच्या माणसांचा धीर तोवर संपलेला असतो. बायकोने तर सारेच सोसलेले असते आणि तिच्याकडून आणखी सोसण्याची अपेक्षा करणे हा अन्याय होईल. म्हणूनच मित्राची गरज घराबाहेरून पुरी व्हावी लागते. कोठे जावे हे कळत नसेल तर केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभागही याच कामासाठी आहे. मित्राने एवढे दोन पत्ते खिशात ठेवले तरी पुष्कळ होय.

विष्णुपंतांच्या हकिकतीचा शेवटचा भाग सांगावयाचा राहिला. १९०५ साली त्यांचे निधन झाले. खांसाहेब त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले, व्यसनाधीन, व्यवहारशून्य. ज्याच्या खांद्यावर सगळा भार होता तो खांदाच गेला. अशा वेळी असा माणूस पुन्हा रस्त्यावर येतो, हा सर्वसाधारण अनुभव आहे. तसे झाले नाही. विष्णुपंतांचे बंधू काशिनाथपंत छत्रे यांनी सर्कशीबरोबर खांसाहेबांचाही भार उचलला. भावाचा शब्द भावाने पाळला. या गोष्टीला त्या घरात कोणी मोठेपणा दिला नसावा, कारण तिचा गाजावाजा कोठेच आढळत नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडास रहिमतखांचे उत्तरायुष्य गेले. जवळच मिरजेस नंतर अब्दुल करीमखां स्थायिक झाले. त्यांच्या गाण्यावर रहिमतखांच्या गोड, आर्त स्वरलगावाची गडद छाया पडली आहे, असे संगीताचे अभ्यासक मानतात. किराणा घराण्याची जी करुण लय महाराष्ट्राने पुढे डोक्यावर घेतली, तिच्या मागे अशा रीतीने ग्वाल्हेरच्या एका अफूबाज मुलाचा गळा उभा आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे तबकड्यांवर घेतले. गवई वृद्ध झालेला, प्रत्येक तबकडीला अवघी तीन-साडेतीन मिनिटे, समोर भोंगा. तरीही तो स्वर वर जाताना कोठे कापत नाही.

रहिमतखां १९२२ साली कुरुंदवाड येथे निवर्तले. विष्णुपंतांना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती, आणि त्या सतरा वर्षांत त्यांच्या गुरुबंधूवर भीक मागण्याची वेळ पुन्हा आली नाही.